संभाजीराजांवरचे आरोप आणि त्यांचे साक्षीदार

२०२५ साली ‘छावा’ हा हिंदी चित्रपट लागला, त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या दिव्याच्या शाळेत सातवीच्या वर्गावर मराठ्यांचा इतिहास शिकवत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, पिक्चरमधले संभाजीराजे आणि आमचे आजोबा सांगतात ते संभाजीराजे एकच का?” आजोबा काय सांगतात, असे विचारले तर म्हणाला, “शूर होते, पण दारूपायी नि बाईपायी राज्य घालवलं असं म्हणतात. त्यांनी तरुणपणी नाटकात बघितलंय.” त्याचे वाक्य संपायच्या आत चार-पाच जण त्याच्या अंगावर धावून गेले. त्यांना आवरता आवरता तास संपला.

त्या मुलाचा प्रश्न मात्र रास्त होता. एकाच माणसाच्या दोन चित्रांपैकी खरे कोणते, हे ठरवायचे कसे? विज्ञानाच्या तासाला दोन मापने जुळली नाहीत तर आपण उपकरण तपासतो. इतिहासात उपकरणाच्या जागी साक्षीदार असतो. तेव्हा साक्षीदारच तपासायला हवेत.

आधी आयुष्याची रूपरेषा. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्म. सव्वादोन वर्षांचे असताना आई सईबाई गेल्या, जिजाबाईंनी वाढवले. आठव्या वर्षी पुरंदरच्या तहाचे ओलीस म्हणून मिर्झा राजा जयसिंगाच्या छावणीत जावे लागले आणि नवव्या वर्षी वडिलांबरोबर आग्र्याला. आज ज्या वयात आपण मुलांना एकटे लोकलने पाठवत नाही, त्या वयात हे पोर दोनदा शत्रूच्या हातात होते. १६७४ च्या राज्याभिषेकात ते युवराज झाले. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजीमहाराज वारले तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. रायगडावर सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो यांच्या पक्षाने दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवले. पण सेनापती हंबीरराव मोहिते, म्हणजे खुद्द सोयराबाईंचे भाऊ, संभाजीराजांच्या बाजूला गेले आणि जूनमध्ये रायगड त्यांच्या हाती आला. जानेवारी १६८१ मध्ये राज्याभिषेक झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. पुढची सगळी वर्षे लढाईत गेली. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला ते पकडले गेले आणि ११ मार्चला भीमाकाठी हालहाल करून त्यांना ठार मारण्यात आले. वय अवघे एकतीस.

या माणसावर पुढे जे आरोपपत्र तयार झाले ते थोडक्यात असे: बापाला सोडून मोगलांना मिळाला, सावत्र आईला भिंतीत चिणून मारले, थोरल्या महाराजांची जुनी माणसे हत्तीच्या पायी दिली, कलुशाच्या नादी लागून मद्य आणि स्त्रिया यांत बुडाला, आणि शेवटी राज्य घालवले.

हे सगळे एकत्र, रंगवून सांगितलेले सापडते ते मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत. तिचा काळ १८१० च्या सुमाराचा, म्हणजे राजांच्या मृत्यूनंतर जवळजवळ एकशेवीस वर्षांनी. आज एखाद्याने लॉर्ड कर्झनच्या काळातली हकिकत घरात ऐकलेल्या गोष्टींवरून लिहावी, तितके हे अंतर आहे. पण केवळ अंतरामुळे साक्ष खोटी ठरत नाही. घरात जुने कागद जपलेले असू शकतात, आणि चिटणीसांच्या घरात ते होतेही. अडचण वेगळी आहे. १६८१ मध्ये संभाजीराजांनी ज्यांना देहान्त शिक्षा दिली, त्यांत अण्णाजी दत्तो आणि हिरोजी फर्जंद यांच्याबरोबर बाळाजी आवजी चिटणीसही होते. मल्हार रामराव हे त्यांचेच वंशज. म्हणजे फिर्यादीच्या नातलगानेच खटल्याचा वृत्तान्त लिहिलेला आहे.

याचा अर्थ मल्हाररावांनी मुद्दाम बनाव केला असे मी म्हणणार नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या एखादी जखम जपली जाते तेव्हा गोष्ट आपोआप फुगत जाते. गंमत अशी, की बाळाजींचे चिरंजीव खंडो बल्लाळ संभाजीराजांच्याच पदरी राहिले आणि गोव्याच्या मोहिमेत होते. ज्याचा बाप गेला तो चाकरी करतो आणि चार पिढ्यांनंतरचा वंशज फिर्याद मांडतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता एकच आरोप घेऊन तो तपासून पाहू.

सोयराबाईंचे प्रकरण

बखर म्हणते, रायगड हाती येताच, म्हणजे जून १६८० मध्ये, राजांनी सोयराबाईंना भिंतीत कोंडून मारले. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हीच हकिकत जवळपास तशीच घेतली.

पण २४ ऑगस्ट १६८० चे एक संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे. कुडाळच्या बाक्रे घराण्यातील विद्वानाला ते दिलेले आहे आणि त्यावर संभाजीराजांच्या हातचा मजकूर आहे. रायगड घेतल्यानंतर दोन महिन्यांनी लिहिलेल्या या पत्रात सावत्र आईबद्दल शिवी नाही, शाप नाही. उलट तिचे मन मुळात निर्मळ होते, मंत्र्यांनी ते कलुषित केले, अशा अर्थाचा उल्लेख आहे. पुढे १६८१ च्या कटाच्या हकिकतीत सोयराबाई हयात आहेत. त्यांचा मृत्यू येतो तो त्या वर्षीच्या ऑक्टोबरात. जून १६८० मध्ये भिंतीत चिणलेली बाई सोळा महिन्यांनी कटात कशी सापडते? इथे बखर तारखेला आपटून फुटते. त्यासाठी राजांच्या स्वभावाबद्दल कोणतेही मत असण्याची गरज नाही, वजाबाकी येत असली म्हणजे पुरते.

आता दुसरी बाजू. सोयराबाईंचा मृत्यू कट उघडकीस आल्यानंतर लगेच झालेला आहे. तो नैसर्गिक होता असे छातीठोक सांगता येत नाही. भिंतीची गोष्ट गेली म्हणून राजे निर्दोष ठरले, अशी उडी मारता येणार नाही.

मंत्र्यांच्या शिक्षेचे तर काही नाकारायचे कारणच नाही. ती झाली. प्रश्न फक्त कारणाचा. बखरीत ती लहरीपणे घेतलेला सूड वाटते. पण याच अण्णाजींना १६८० मधल्या पहिल्या प्रकरणानंतर माफी मिळून पुन्हा अधिकार मिळालेला होता. १६८१ मध्ये राजांवर विषप्रयोगाचा बेत झाल्याची बातमी मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रांत आहे. नंतर कटवाल्यांनी औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याला पत्र पाठवून आपल्या बाजूला ओढू पाहिले. अकबर त्या वेळी राजांच्याच आश्रयाला होता, त्याने ते पत्र राजांच्या हवाली केले. सतराव्या शतकातला कोणता राजा यानंतर दुसऱ्यांदा माफी देता? शिक्षा भयंकर होती हे खरे, पण तिच्यामागे एक माफी होती, हे बखरीत हरवते.

हाडे सापडली तर?

स्टाफरूममध्ये हे सांगत होतो तेव्हा आमच्या विज्ञानाच्या बाईंनी विचारले, “कागदांचं राहू द्या. असा एखादा राजा प्रयोगशाळेत तपासता आला असता तर?” हा प्रयोग इंग्लंडात खरोखर झालेला आहे.

तिथला तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. वय बत्तीस. जिंकणाऱ्या ट्यूडर घराण्याच्या काळात त्याचे चरित्र लिहिले गेले आणि शंभर वर्षांनी शेक्सपियरने नाटक लिहिले. त्या नाटकातला रिचर्ड कुबडा, वाळक्या हाताचा, स्वतःच्या अल्पवयीन पुतण्यांचा खून करवणारा आहे. पुढे सगळ्या इंग्रजी जगाने हाच रिचर्ड खरा मानला. त्याचे एक जुने चित्र क्ष-किरणांखाली धरले तेव्हा खांदा मागाहून उचलून रंगवल्याचे दिसले. बदनामीत कुंचल्याचाही हात होता तर!

२०१२ साली लेस्टर शहरातल्या एका वाहनतळाखाली, जिथे पूर्वी मठ होता, तिथे एक सांगाडा निघाला. रिचर्डच्या बहिणीच्या वंशात, आईकडून मुलीकडे अशी साखळी धरून, आज हयात असलेली माणसे शोधली आणि त्यांच्या तंतुकणिकांतील डीएनए सांगाड्याशी जुळला. कार्बन-१४ च्या मापनाची गोष्ट तर वर्गात सांगण्याजोगी. पहिल्या मापनात हाडे अपेक्षेपेक्षा जुनी निघाली. कारण हा माणूस समुद्राचे मासे भरपूर खात असे, आणि समुद्रातला कार्बन जमिनीवरच्यापेक्षा ‘जुना’ असतो. तेवढी दुरुस्ती केल्यावर १४८५ हे साल पल्ल्यात आले. (आमच्या आगरी-कोळी मुलांना हे सांगितले तेव्हा आपली हाडेही किती वर्षे जुनी निघतील, याची वर्गात पैज लागली.)

पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला निघाला. म्हणजे एक खांदा वर असणार. पण कुबड नव्हते आणि हात वाळका नव्हता. नाटकाने खऱ्या व्यंगाचे राक्षसी व्यंग केले होते. पण पुतण्यांना कोणी मारले? त्यावर हाडे गप्प. माणूस कसा दिसत होता आणि कसा मेला, हे प्रयोगशाळेला कळले. तो कसा वागला, हा प्रश्न पुन्हा कागदांकडेच आला.

खाडीच्या दोन्ही काठांवरचे कागद

संभाजीराजांच्या बाबतीत कागदांचीच पंचाईत आहे. १६८९ च्या अखेरीस रायगड मोगलांनी घेतला आणि तिथले दफ्तर गेले. दरबारच्या बाजूने बोलणारा साक्षीदारच नाहीसा झाला. १६९७ मधली सभासदाची बखर जवळच्या काळातली खरी, पण ती जिंजीला राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेली. थोरल्या भावाच्या बाजूने ती काही बोलेल अशी अपेक्षा कशी धरायची?

मग उरले शेजारी. आणि इथे आपल्या भागाचा उपयोग होतो. दिव्याहून ठाण्याकडे निघालो की पारसिकचा डोंगर लागतो आणि पलीकडे खाडी. संभाजीराजांच्या काळी त्या पाण्याच्या पलीकडचे ठाणे आणि सगळी साष्टी पोर्तुगीजांकडे होती. अलीकडचे कल्याण मराठ्यांचे, शिवाजीमहाराजांनी १६५७ मध्ये घेतलेले. १६८२-८३ मध्ये याच कल्याण-भिवंडीच्या मुलखात मोगल फौजा उतरल्या आणि लढाया झाल्या. खाली मुंबईत इंग्रज होते, आणि त्यांच्याच बंदरात जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्याला येऊन राहत असे, त्यामुळे राजे त्यांच्यावर संतापलेले. चार सत्ता एकमेकांच्या उशाशी. सगळे धास्तावलेले, म्हणून सगळे पत्रे लिहिणारे.

यांपैकी कोणीही राजांचा मित्र नव्हता. पण एक फरक आहे. मुंबईचा वखारवाला सुरतेला पत्र लिहितो तेव्हा त्याला संभाजीचे चरित्र लिहायचे नसते. फौज किती, आरमार कुठे, माल सुखरूप जाईल का, एवढेच त्याला कळवायचे असते. त्याची बातमी चुकली तर नुकसान त्याचेच. म्हणून शत्रूचे असले तरी हे कागद मोलाचे.

त्यांत दिसणारा राजा व्यसनात बुडालेला दिसत नाही. राज्याभिषेकानंतर पंधरा दिवसांतच मराठे बुऱ्हाणपूर लुटतात. वर्षअखेर जंजिऱ्याला वेढा पडतो आणि खाडीत भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा उद्योग चालतो. १६८३ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावरून मार खाऊन परततो, आणि लगेच मराठे जुवे बेटावर, गोव्याच्या राजधानीपासून हाकेच्या अंतरावर येतात. व्हाइसरॉय सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड संताच्या स्वाधीन करतो. ही हकिकत खुद्द पोर्तुगीजांनीच नोंदवलेली आहे. गोव्याच्या दफ्तरातले हे कागद पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर खपून बाहेर काढले. जानेवारी १६८४ मध्ये मोगल शाहजादा मोठी फौज घेऊन उतरला म्हणून मराठे मागे फिरले, नाहीतर काय झाले असते कोण जाणे. त्याच कागदांत साष्टी-बारदेशातल्या लुटीची आणि जाळपोळीची वर्णनेही आहेत, आणि ती वगळून फक्त विजय सांगणे बरे नव्हे.

राज्य घालवल्याच्या आरोपाबद्दल एवढेच म्हणतो. औरंगजेब आपली सारी ताकद घेऊन आला होता. १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा. त्याच्या आधीपासून झुंजत असलेले मराठ्यांचे राज्य १६८९ पर्यंत उभे होते आणि त्यानंतरही त्याला संपवता आले नाही.

जे पुसता येत नाही

सर्वांत अवघड प्रकरण दिलेरखानाचे. १३ डिसेंबर १६७८ रोजी युवराज मोगलांकडे गेले, ही गोष्ट कोणत्याही साक्षीदाराने बनवलेली नाही. पुढच्या एप्रिलमध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला आणि शरण आलेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडला. युवराज त्या वेळी खानाच्या छावणीत होते.

याची कारणे देता येतात. दरबारातली गटबाजी होती. कर्नाटकाच्या मोहिमेत त्यांना बरोबर न नेता शृंगारपुरी ठेवले होते. एकवीस वर्षांच्या मुलाला आपला हक्क डावलला जातोय असे वाटले. बाप-लेकांनी संगनमताने केलेला हा डाव होता, असेही कोणी लिहितात. मला ते पटत नाही. राजांची बाजू घ्यायची म्हणून प्रत्येक चुकीला डाव म्हणू लागलो तर आपणही दुसरी बखरच लिहू. अथणीच्या लुटीनंतर त्यांचे खानाशी बिनसले आणि वर्षाच्या आत ते पन्हाळ्याला परतले. जानेवारी १६८० मध्ये शिवाजीमहाराज स्वतः त्यांना तिथे जाऊन भेटले. ज्याचा अपराध झाला त्या बापाने मुलाला जवळ केले, हेही त्या प्रकरणाचाच भाग आहे.

मद्याचे आणि स्त्रियांचे काय? इथे चिटणीसांवर सगळा भार टाकून मोकळे होता येत नाही. मोगल इतिहासकार खाफीखान हे आरोप करतो. व्हेनिसचा मनुची हा १६८३-८४ च्या सुमारास पोर्तुगीजांतर्फे बोलणी करायला राजांकडे गेलेला माणूस. त्यानेही परस्त्रीचा दोष दिला आहे. हे एकमेकांपासून दूरचे लोक आहेत. अर्थात खाफीखान शत्रूच्या दरबारचा आणि मागाहून लिहिणारा, मनुची पोर्तुगीजांचा पगारी आणि बाजारगप्पांचा शौकीन. संगमेश्वरला राजे ऐषआरामात पकडले गेले असे सांगतात, पण ते तिकडे गेले होते शिर्क्यांनी कवी कलशावर चाल केली होती त्याचा बंदोबस्त करायला. दुसऱ्या बाजूने ‘बुधभूषण’ हा राजनीतीवरचा संस्कृत ग्रंथ त्यांच्या नावावर आहे, भांडारकर संस्थेने तो १९२६ मध्ये छापला. पण ग्रंथ लिहिणारा मनुष्य मद्य घेत नसतोच, असा काही नियम नाही. माझे मत विचाराल तर आरोपात काही तथ्य असेल, पण राज्यकारभार बुडण्याइतके ते असते तर मुंबईच्या वखारवाल्यांनी ते आनंदाने कळवले असते. आणि ज्या कलशाला सगळे ‘कलुशा’ म्हणून हिणवतात, तो राजांबरोबर पकडला गेला आणि त्याच दिवशी तसाच मारला गेला.

आजोबांचे नाटक

बखरीतला संभाजी आजोबांपर्यंत पोचला कसा? ग्रँट डफला साताऱ्यात चिटणीसांचे लेखन मिळाले. त्याच्या ग्रंथाचे डेव्हिड केपनने १८२९ च्या सुमारास मराठी केले आणि ते शाळांत लागले. म्हणजे हा आरोप पसरवण्यात आपल्या मास्तर मंडळींचा वाटा मोठा. शाळेतून तो रंगभूमीवर गेला. राम गणेश गडकऱ्यांनी ‘राजसंन्यास’ लिहायला घेतले, १९१९ मध्ये ते वारले तेव्हा ते अपुरे होते. त्यांच्यासमोर जे इतिहासाचे पुस्तक होते, त्यातलाच राजा त्यांनी घेतला. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा काही जणांनी उखडून मुठेत टाकला. नाटककाराला शिक्षा झाली, बखर कपाटात सुखरूप राहिली.

खरा उलटतपास घेतला तो वा. सी. बेंद्रे यांनी. जवळजवळ चाळीस वर्षे ते कागद गोळा करत होते आणि १९६० मध्ये त्यांचे संभाजीचरित्र आले. पाठोपाठ १९७१ मध्ये कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’. बेंद्र्यांचा कल राजांकडे आहे हे लपत नाही, गोखल्यांची तुला अधिक स्थिर आहे. नंतर शिवाजी सावंतांची कादंबरी आली, आणि तीवरून चित्रपट.

पुढच्या तासाला मी मुलांना सहा चिठ्ठ्या दिल्या: दानपत्र, मुंबईचे पत्र, सभासद, खाफीखान, चिटणीस, चित्रपट. प्रत्येकीवर साल आणि लिहिणारा कुठे बसला होता ते. सांगितले, घटनेच्या जवळून लांब अशा क्रमाने फळ्यावर लावा. भांडण झाले, पण ते सभासद आधी की खाफीखान आधी यावर. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याला सातवी चिठ्ठी कोरी दिली आणि आजोबांनी पाहिलेले नाटक कोणते, कोणाचे, कधीचे, ते लिहून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी कोरीच परत आली. आजोबांना नाटकाचे नाव आठवत नव्हते. संभाजीचे काम करणारा नट कसा बोलायचा, ते मात्र त्यांनी नातवाला उभे राहून करून दाखवले होते, आणि नातवाने ते आम्हाला.